लगाम म्हणजे लगाम

थोरली वाडी, ता. नेवासा
९ नोव्हेंबर १९७०

चि. केशर,

आशीर्वाद तर आहेतच, आधी कामाचं लिहितो. पाखरीचा लगाम तुटला. कुठे तुटला ते ऐक. भर नेवाशाच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानासमोर. गालावरची पट्टी सटकन निघाली, कडी तोंडातून खाली लोंबायला लागली, आणि जिला मी माझ्या ताटातली भाकरी चारून वाढवली ती आपली घोडी मला पाठीवर घेऊन सरळ भाजीवाल्या बायकांत शिरली. मेथी खाल्ली. मी ओरडतोय आणि ती खातेय. लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करतो.

दिवाळसणाला तू आणि जावईबापू येऊन गेलात तेव्हाच तू म्हणाली होतीस की लगाम जीर्ण झालाय, घोडी उगाच मान झटकत नाही, कडी गंजून टोचत असेल. मी तुला उडवून लावलं. तुझं खरं निघालं, पण हे तुझ्या आईला कळवू नकोस. ती आधीच म्हणते की घोडी शहाणी आहे, लगाम मालकालाच हवा.

तुमच्या देवळालीत छगन नावाचा खोगीर-लगाम करणारा जुना कारागीर आहे असं ऐकतो. इकडे आता त्या कामाचं कोणी उरलं नाही, जो तो फटफटीच्या मागे लागलाय. पाखरी एवढंसं शिंगरू होती तेव्हापासून तू तिच्या पाठीवर. तिचं तोंड तुझ्याइतकं मलाही ठाऊक नाही. तेव्हा लगाम तूच बघ. कडी कसली, कातडं कसलं, सगळं नीट लिही. घाई नाही. पण तोवर मी पायी हिंडतोय आणि वाडीतले लोक विचारतात, घोडी विकली का म्हणून.

तुझा आबा,
गहिनीनाथ


देवळाली प्रवरा
२१ नोव्हेंबर १९७०

ती. आबा,

पायांवर डोकं ठेवते आणि आधी हसून घेते. तुमचं पत्र राधाकृष्ण भाऊजींनी रीतीप्रमाणे ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं. आमच्याकडे कोणाचंही पत्र आलं की धाकटे दीर वाचतात आणि घर ऐकतं. मेथीपाशी आले तेव्हा मामंजींना ठसका लागला.

उत्तराला उशीर झाला. उसाची तोड सुरू आहे, कामाचा नुसता रगाडा. तरी काल आत्याबाई, हे आणि मी छगनकाकांकडे जाऊन आलो. त्यांनी तीन लगाम दाखवले.

पहिला असा झोकदार की बघत राहावं. पितळी फुलं, लाल गोंडे. बघणारा म्हणेल, काय नशीब काढलंय. पण मी कडी उलटी करून बघितली तर आतून काटे. बाहेरून कोणाला दिसत नाहीत. ओढ बसली की जीभ सोलते, आणि मुका जीव सांगणार कोणाला? आत्याबाईंचं मत तोच घ्यावा. पहिल्यापासून धाक असला की पुढे त्रास होत नाही, असं त्या म्हणतात. यांनाही तोच आवडला, गोंड्यांमुळे. मी तिथे काही बोलले नाही.

दुसरा साधा आहे. कडी गुळगुळीत, तोंडात जड होत नाही. पण पट्टा आखूड, गळ्याशी आवळतो. कसंतरी सोसवेल, पण रोजच आवळून घ्यायचं म्हणजे अवघडच.

तिसऱ्याला कडीच नाही. नाकावरून नुसती रुंद पट्टी. मला तो फार आवडला, पण इतका मोकळेपणा इथे कोणाला पटत नाही.

मला विचाराल तर काट्याचा नको. पहिल्यांदा रक्त येतं, मग तोंड इतकं निबर होतं की काही वाटेनासंच होतं, आणि ते सगळ्यांत वाईट. आबा, काय ते लवकर ठरवा. फार थांबू नका. आईला सांगा, मी बरी आहे.

तुमची,
केशर


थोरली वाडी
२६ नोव्हेंबर १९७०

प्रिय भीमा,

मेहुण्याला पत्र लिहायची वेळ माझ्यावर क्वचित येते, त्यावरून ओळख की प्रसंग काय आहे. सोबत केशरचं पत्र उतरवून पाठवलंय. आधी ते वाच, मग पुढे.

वाचलंस? काय कळलं? मला तर लगाम कळला. मी ते मोठ्या खुशीत तुझ्या बहिणीला वाचून दाखवलं. पोरीला जनावरातलं किती कळतं बघ, असंही म्हणालो. चांगुणा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. तव्यावरची भाकरी जळाली तरी ही बाई उठेना. मग म्हणाली, "आवो, ती घोडीचं न्हाई लिवत. ती सोताचं लिवतीय."

मी म्हटलं, वेड लागलं का तुला. तर ती एकेक ओळ मोजून दाखवायला लागली. बाहेरून सगळे म्हणतात काय नशीब काढलंय, आणि आतून काटे. सासू म्हणते पहिल्यापासून धाक पाहिजे. नवरा गोंड्यांवर खूश. गळ्याशी आवळतं. मोकळेपणा पटत नाही. आणि शेवटी, लवकर ठरवा, फार थांबू नका. लगामासाठी कोण असं लिहितं, म्हणाली.

तिचं म्हणणं असं की सासरी पत्र सगळ्यांसमोर वाचलं जातं, लिहिलेलंही कोणी बघत असेल, तेव्हा पोरी आडूनच लिहितात. तुमच्या गावच्या त्या छबूबाईने बापाला 'अंगणातली तुळस वाळली' असं कळवलं होतं म्हणे, आणि बाप शहाणा म्हणाला, पाणी घालत जा. कळेपर्यंत पोरीची पार रया गेली होती.

भीमा, मी आता ते पत्र घडी करून टोपीत ठेवलंय. एकदा वाचलं की लगाम दिसतो, एकदा वाचलं की पोरगी दिसते. माझं डोकं चालेनासं झालंय. व्याही सहादेवराव माणूस सज्जन आहे, जावई गोरक्षही तोंडावर तरी चांगलाच वाटतो. पण घरात आपण कुठे राहिलोय? तू एस.टी.त कंडक्टर, रोज शंभर माणसं बघतोस. काय करावं ते लिही.

तुझा,
गहिनीनाथ


नगर
३० नोव्हेंबर १९७०

दाजी,

रामराम. पत्र वाचलं. डेपोतल्या तिघांना वाचून दाखवलं, नाव न सांगता. एक म्हणाला घोडीचं आहे, एक म्हणाला सुनेचं आहे, तिसरा म्हणाला आमच्या साहेबांचं आहे. म्हणजे उजेडच.

पण मला विचाराल तर आक्काला जे वाटतं ते बाईमाणसाला उगाच वाटत नाही. तुम्ही घोड्यांत जन्म काढला, ती माणसांत.

सरळ विचारू नका. पत्र तिच्याआधी दहाजण ऐकणार. खरं असलं तर पोरीचे हाल वाढतील आणि खोटं असलं तर आपलं हसं होईल. तिने घोडीच्या भाषेत सांगितलं, तुम्हीही घोडीच्याच भाषेत विचारा. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

आपला,
भीमा


थोरली वाडी
४ डिसेंबर १९७०

चि. केशर,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, आणि समजलं. नीट समजलं, हे ध्यानात घे.

आता घोडीविषयी विचारतो. इकडच्या नव्हे. तिकडच्या. तिला वेळेवर खायला मिळतं का? की सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं? कोणी हात उगारतं का? ज्याच्या हाती कासरा दिला तो दांडगाई करतो की त्याची आई? घोडीला हे बोलायची चोरी असेल तर तिने आपलं 'चंदी बरी आहे' एवढंच कळवावं, मी उलटा अर्थ घेईन.

आणि तिला सांग, तिचं जुनं ठाण अजून मोकळंच आहे. तिथे दुसरं कोणी बांधलेलं नाही. घोडी माघारी आली तर गाव काय म्हणेल याची तिने फिकीर करू नये. गावाला मी बघून घेईन.

घोडीची आई रोज आठवण काढते आणि जेवत नाही.

तुझा,
आबा


देवळाली प्रवरा
१३ डिसेंबर १९७०

ती. आबा,

शिरसाष्टांग नमस्कार. अक्षर राधाकृष्ण भाऊजींचं आहे, मी सांगतेय आणि ते लिहीत आहेत. उसाचं वाढं कापताना विळा लागून माझा उजवा अंगठा सुजलाय. काळजीचं काही नाही.

तुमचं पत्र आलं. आबा, तुमची तब्येत बरी आहे ना? तिकडची घोडी म्हणजे कोणती घोडी? आमच्याकडे दोन बैलजोड्या आहेत आणि एक म्हैस आहे. घोडी नाही, कधी नव्हती. आणि घोडीची आई कशी जेवत नाही? पाखरीची आई मी शाळेत असतानाच मेली, तुम्हीच तिला बांधाच्या कडेला पुरलंत.

पत्र वाचताना आधी सगळे हसत होते. हाताचं आणि दांडगाईचं आलं तसे एकमेकांकडे बघायला लागले. मामंजी उठून गेले. आत्याबाईंनी मला विचारलं, तुझ्या बापाला म्हणायचंय काय? मी म्हटलं, मलाच कळेना. मग यांना वाटलं की पाखरी आजारी आहे आणि तुम्हाला फार लागलंय, म्हणून तुम्ही असं लिहिता. मलाही तेच वाटतं.

चंदीचं विचारलंत. इथे घोडी नसल्यामुळे चंदीही नाही. आम्ही जेवतो तसं जेवतो. मी बरी आहे. सगळे मला नीट वागवतात. लगाम म्हणजे लगाम, आबा. दुसरा साधा घेतला आहे, छगनकाका पट्टा लांब करून देणार आहेत.

तुमची,
केशर


थोरली वाडी
१८ डिसेंबर १९७०

राजमान्य राजश्री व्याही सहादेवराव यांस गहिनीनाथचा नमस्कार.

आमच्याकडे सर्व क्षेम. आपल्याकडचं क्षेम आम्हाला आपल्या घरच्या अक्षरात वाचायला मिळालं. मुलीच्या हाताला विळा लागल्याचं कळलं. नेमका उजव्या हाताला लागला. नशीब एकेकाचं.

आम्ही साधी माणसं. जनावर जरी दुसऱ्याच्या दावणीला दिलं तरी चार दिवसांनी जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून येतो. मुलगी तर मुलगी आहे. तिची आई आजारी आहे. अन्न जात नाही. तरी केशरला आठ दिवसांकरिता धाडून द्यावी, लगेच धाडावी. कोणाला सवड नसेल तर मी येतो.

जास्त लिहीत नाही. समजणाऱ्याला इशारा पुरे असतो.

आपला,
गहिनीनाथ


देवळाली प्रवरा
२६ डिसेंबर १९७०

श्रीयुत गहिनीनाथराव यांस सहादेवचा सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मी एकदा वाचलं, गोरक्षने एकदा वाचलं आणि मग आम्ही दोघांनी मिळून वाचलं. इशारा लागला नाही. मी मोकळा माणूस आहे, मोकळंच लिहितो.

विहीणबाई आजारी आहेत हे वाचून वाईट वाटलं. परंतु सून लगोलग धाडणं अवघड आहे. फडावर वीस माणसं आहेत, घरात माझी बहीण कडूबाई एकटी चुलीपाशी असते आणि तिला दमा. आमची मंडळीही फडावर जाते. संक्रांत झाली की गोरक्ष स्वतः केशरला घेऊन येईल.

आता मनातलं विचारतो. आपण केशरला धाडलेल्या दोन्ही पत्रांत घोडी घोडी असं फार आलं. आमच्या मंडळीने विचार केला आणि तिला वाटतं की आपला राग लग्नापासूनचा आहे. वरातीला आपण आपली पाखरी सजवून आणली होती आणि आम्ही गोरक्षला जीपमध्ये बसवलं. त्या वेळी आपण बोलला नाहीत, पण घोडी मांडवाबाहेर तशीच उभी राहिली हे मी पाहिलं होतं. ते चुकलं असेल तर मी हात जोडतो. जीप माझ्या साडूची होती, त्याचं मन मोडवेना. त्यासाठी आपण मुलीला मधे घालू नये.

लगाम तयार होऊन आमच्या खुंटीला आहे. कळावे, लोभ आहे तो राहू द्यावा.

आपला,
सहादेव


देवळाली प्रवरा
५ जानेवारी १९७१

ती. आबा,

अंगठा बरा झालाय. हे अक्षर माझं आहे, नीट बघून घ्या. आई ओळखेल.

तुम्ही येऊन गेलात त्याला चार दिवस झाले आणि अजून मला कळत नाही की तुम्ही आला होतात कशाला. तुम्ही काय केलंत ते मी तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला ते दिसलं नसणार. तुम्ही दिसलात तशा आत्याबाई हातातलं टाकून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. अंगावर वाटेची सगळी धूळ, काल शिंगणापुरात मुक्काम केला म्हणालात, आणि पाखरी नुसत्या दोरीच्या म्होरकीवर. तुम्ही घोडीवरून उतरला नाहीत. तांब्याला हात लावला नाहीत. आत्याबाई उन्हात हात पुढे करून उभ्या राहिल्या.

मामंजींना वाटलं, तुम्ही लगामासाठी आलात. त्यांनी तो खुंटीवरून काढून तुमच्या हातात दिला. तुम्ही कडी उलटी करून बघितलीत आणि सगळ्या तोडणीवाल्यांसमोर विचारलंत, "काटे कुठं हायेत?" मामंजींच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. मग तुम्ही मला म्हणालात, "केशर, काय असंल ते आत्ता बोल. न्हाईतर बस मागं."

मी काय बोलणार होते? बोलण्यासारखं काही आहे का याचा मी उभ्याउभ्या विचार करायला लागले, आणि तेवढ्यात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत पळाले. तुम्हाला वाटलं मी भ्याले. यांना वाटलं मला काहीतरी सांगायचं आहे. आत्याबाईंना वाटलं, मीच तुम्हाला बोलावलं. तुम्ही लगाम तिथेच ठेवून निघून गेलात.

आता भीमामामाचं पत्र आलंय, त्यावरून सगळा उलगडा झाला. म्हणजे तुम्ही माझं पत्र असं वाचलंत. मी ते परत आठवून बघितलं. काटे म्हणजे काटेच होते, आबा. आवळतं म्हणजे पट्टाच आवळत होता. लवकर ठरवा म्हटलं, कारण छगनकाकांकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. मी सुखात आहे हे इतक्यांना इतक्या वेळा सांगितलं की आता ते मलाच खरं वाटेना. हे तुमच्यामुळे झालं.

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. कामापुरतंसुद्धा कडूआत्यांकडून सांगवतात. हे आजवर या घरात कधी घडलं नव्हतं. आता तुम्ही काही करू नका. काही लिहू नका. आडून तर अजिबात नको.

केशर


थोरली वाडी
९ जानेवारी १९७१

चि. केशर,

काही लिहू नका म्हणालीस, तरी लिहितोय. हे ओसरीवर वाचलं जाणार हे मला माहीत आहे. वाचू दे. राधाकृष्ण, बाबा, मोठ्याने वाच.

मी चुकलो. सहादेवरावांच्या दारात उतरलो नाही, विहीणबाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही, यासाठी मी दोघांची माफी मागतो. जीपचा मला राग नव्हता. आता व्याह्यांनी आठवण करून दिली तेव्हापासून थोडा यायला लागलाय, पण तो जाईल.

काय झालं ते सांगतो. मी जनावर बघितलं की दुरून सांगेन, पोटात दुखतंय का पायात. तुझ्या पत्रात मला काही दिसेना. तुझ्या आईला दिसलं. मग मला वाटलं, मी बाप असून मला दिसलं नाही, म्हणजे मीच आंधळा. त्या भीतीने मी निघालो. वाटेत शिंगणापुरात पडलो होतो तर डोळा लागला नाही. सारखं वाटायचं, पोरीने हाक मारलीय आणि मी लगामाचं कातडं बघत बसलोय.

आता तुझी आई म्हणते की तिचंही चुकलं असेल. असेल म्हणते, चुकलं म्हणत नाही. हे ताजं पत्रही तिने दोनदा वाचून घेतलं आणि 'मलाच खरं वाटेना' या ओळीपाशी ती अडलीय. मी तिला म्हटलं, आता पुरे.

पण केशर, खोटं कशाला बोलू? मी चुकलो तरी परत तसलं पत्र आलं तर मी परत येईन. हसं झालं तरी येईन.

तुझा,
आबा


देवळाली प्रवरा
१८ जानेवारी १९७१

गहिनीनाथ व्याह्यांना झुंबरबाईचा रामराम.

मी सांगतीय आन केशर लिहितीय. तिला बजावलंय, एक बी शबुद हिकडचा तिकडं करू नगं. मला वाचता येत न्हाई, पन ती गाळाया लागली की मला तिच्या तोंडावरनं कळतं.

व्याह्यानं दारात येऊन पानी घेतलं न्हाई ह्येचा मला लई राग आला हुता. त्यो सुनंवर काडला. मी तिच्याशी बोलले न्हाई. मग तुमचं पत्र आलं. राधाकृष्णानं वाचलं. आमची मानसं जीपचं ऐकून हसली. शेवटाला तुमी लिवलं, परत तसलं पत्र आलं तर परत येईन. त्यालाबी हसली. मला हसू आलं न्हाई. मी उठून गोठ्यात गेले.

तितं केशरला बोलवून घेतलं. म्हनलं, आता दुसरं कुनी न्हाई. तुला हितं जाच हाय का? ती म्हनली, न्हाई. मग म्हशीकडं बगत उभी ऱ्हायली, आन म्हनली, थोडा हाय. म्हनलं, कसला? तर म्हनली, माजं पत्र समद्यांम्होरं वाचत्यात त्यो. मी म्हनलं, मग आदी का बोलली न्हाईस? ती म्हनली, कुनी इचारलंच न्हवतं. आता तिचं पत्र तिच्या हातात देतो. तीच फोडती. आमच्या मालकास्नी जरा चुकल्यावानी हुतंय, पत्रातलं काय कळत न्हाई म्हून. हूं द्या.

आता माजं सांगते. ह्ये मी कुनाला सांगितल्यालं न्हाई.

मी पाथर्डीकडची. आमच्याकडं हंडाभर पान्यासाटी कोसभर चालाय लागायचं. मला ल्हानपनीच हिकडं दिली, पान्याच्या देशात. पयल्या वर्सी लई हाल झालं. काय झालं त्ये आता सांगत न्हाई, करनारी मानसं गेली. आमच्या गावची मानसं ऊस तोडाय हिकडं आली हुती. ती माघारी निगाली तवा मी बापाला सांगावा धाडला. सासू शेजारीच उबी. म्हून निस्तं येवडंच म्हनले, बापाला सांगा, हितली इहीर लई खोल हाय.

मला वाटलं, बापाला कळंल.

सांगावा पोचला. बापाला लई आनंद झाला. समद्या गावात सांगत फिरला, माज्या झुंबरच्या दारात खोल इहीर हाय, पोरीनं नशीब काडलं. मारुतीला नारळ फोडला. ह्ये मला पुडल्या साली त्याच मानसांनी येऊन सांगितलं. त्यांनाबी त्येचा लई आनंद. बाप आला न्हाई. त्यो लबाड न्हवता. आमच्याकडं कुनालाच खोल इहिरीचं दुसरं काय सुचलं नसतं.

गोरक्ष आन केशर येत्या बुधवारी तुमच्याकडं येत्यात. तिला चार दिस ठिवून घ्या. तिच्या आईला तिच्या अंगावरनं हात फिरवून बगू द्या, म्हंजी तिचा जीव भांड्यात पडंल. लगाम बी संगं देते. काट्याचा घ्या म्हून मीच म्हनले हुते, त्ये बरूबर न्हवतं.

व्याही, मला वाटलं मला तुमचा राग आलाय. धा दिस तसंच वाटत हुतं. त्यो राग न्हवता. तुमी चुकून का हुईना, धावत आला. मला सुनंचा हेवा वाटला.

सांगनार झुंबरबाई
लिहिणार केशर